वीस नंबरची ओळ

ज्याचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे त्याच्याकडे राखीवचा दुसराही हवाच, असं मी बरीच वर्षं विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत आलो. यावलमध्ये हे कुणाला पटवून द्यावं लागत नसे. आमच्याकडे मळ्यातल्या बोअरवर एक मोटर चालू असते आणि दुसरी भरून आणून खोलीत ठेवलेली असते. दहा-दहा, बारा-बारा तासांच्या भारनियमनाची वर्षं ज्यांनी खान्देशात काढली, त्यांना जोडीला दुसरं काही असल्याशिवाय चैन पडत नाही. इन्व्हर्टर असतो, तो दगा देईल म्हणून जनरेटर असतो. मग मेल सर्व्हरनंच काय घोडं मारलं होतं?

आता माझं मत फिरलं आहे. लहान संस्थेनं, व्यापाऱ्यानं, पाच-पन्नास मेलबॉक्स सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या माणसानं बॅकअप मेल सर्व्हर चालवू नये, असं मी आता म्हणतो. गरज नाही एवढंच नव्हे, त्यात नुकसान आहे. मी ज्यांना उलटा सल्ला दिला होता त्यांतले काही जण तो अजून निष्ठेनं पाळताहेत, म्हणून हे मनोगत.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक डोमेनच्या नोंदीत एमएक्स नावाच्या ओळी असतात. या डोमेनचा मेल कोणत्या मशीनकडे न्यायचा, ते त्या ओळी सांगतात. ओळीला आकडा असतो आणि लहान आकड्याला मान आधी. माझ्याकडे एक ओळ दहा नंबरची होती आणि एक वीस नंबरची. पाठवणाऱ्याचा सर्व्हर आधी दहाचं दार ठोठावणार, उघडलं नाही तर वीसकडे जाणार. वीसनं मेल ठेवून घ्यायचा आणि दहा जागा झाला की त्याच्या हवाली करायचा. कागदावर यात खोट काढायला जागा नाही.

आणि ही कल्पना काही कुणी ऐऱ्यागैऱ्यानं काढलेली नव्हती. एमएक्सच्या ओळी कशा वाचायच्या याचे नियम क्रेग पार्ट्रिज यांनी 1986 मध्ये लिहिले. तेव्हा सगळी मशीनं एकाच जाळ्यावर नव्हती. कुणी टेलिफोन करून रात्री जोडलं जाई, कुणी दुसऱ्याच्या मार्फत. त्यामुळे ‘माझ्या वतीनं मेल हा घेईल’ असं जाहीर करण्याची सोय लागत होती. आपल्याकडेही तेच चित्र होतं. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं अर्नेटचं जाळं उभं राहिलं तेव्हा मुंबईत जुहूच्या एनसीएसटीमधून देशाबाहेर मेल जायचा. इतर संस्था फोनच्या तारेवरून तिथे जोडल्या जाऊन आपापला गठ्ठा देत-घेत. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलनं इंटरनेट सर्वांना खुलं केलं, तेही डायल-अपवर. जोडणी मागून-लावून घ्यायची गोष्ट होती. अशा काळात आपला मेल सदैव जाग्या असलेल्या मशीनवर साठवून ठेवणं आणि जोडणी लागली की ‘आता द्या’ म्हणणं, हाच शहाणपणा होता. तसं म्हणण्यासाठी एटर्न नावाची एक आज्ञाच 1996 मध्ये ठरवली गेली. मी हे सगळं त्या काळातल्या माणसांच्या हाताखाली शिकलो. माझं मत चांगल्या घरातून आलेलं होतं.

आमची मांडणी अशी. फैजपूर-सावदा भागातल्या एका केळी पॅकहाऊसचं आणि आणखी दोन-तीन व्यापाऱ्यांचं मेलचं काम माझ्याकडे. दहा नंबरचं मशीन यावलला माझ्या ऑफिसात, स्टॅटिक आयपी असलेल्या जोडणीवर. वीस नंबरचं भुसावळला एका मित्राच्या दुकानात, बिलाच्या प्रिंटरशेजारी. दोन्हींवर लिनक्स आणि मेल हाताळणारं पोस्टफिक्स. मशीन बंद पडण्याची कारणं आमच्याकडे पुष्कळ. वीज हे पहिलं. दुसरं उन्हाळा: मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला आणि एसी विजेबरोबर बंद झाला, की यूपीएस टिकून असला तरी मशीनच तापून बसे. आणि तिसरं, मृगाच्या आगेमागे येणारं वारं. रावेर-यावल पट्ट्यात हे वारं दर एक-दोन वर्षांनी केळीच्या बागाच्या बागा आडव्या करून जातं. विजेचे खांब त्याच्यापुढे काय टिकणार?

तेव्हा वीस नंबरची ओळ ही माझी मोठी शान होती. गिऱ्हाईकाला मी सांगायचो, ‘आपला मेल कधी परत जायचा नाही.’ आणि खरोखर तो परत गेलाही नाही, म्हणून मला बरीच वर्षं शंका आली नाही.

शंका आली ती लॉगमुळे. एका रविवारी भुसावळच्या मशीनची डिस्क भरत आली म्हणून मी तिथला लॉग उघडून बसलो. यावलचं मशीन त्या आठवड्यात एकदाही बंद पडलं नव्हतं. म्हणजे वीसकडे काहीच यायला नको होतं. पण तिथे दिवसरात्र रांग लागलेली. ओळीमागून ओळ: अनोळखी आयपी, बनावट प्रेषक, आणि ‘सेल्स’, ‘अ‍ॅडमिन’, ‘इन्फो’ असे आमच्याकडे नसलेलेच पत्ते. हे लोक दहाकडे फिरकलेच नव्हते. स्पॅम पाठवणाऱ्यांना केव्हाच कळलं होतं की पुढच्या दाराला पहारा असतो, मागच्या दाराशी नसतो. राखीव मशीनवर माणूस सहसा जुनं सॉफ्टवेअर आणि ढिले नियम ठेवतो, कारण ते ‘क्वचित लागणारं’ असतं. म्हणून त्यांची सॉफ्टवेअरं मुद्दाम सर्वांत मोठ्या आकड्याची ओळ आधी शोधतात. जगभर सर्व्हर चालवणाऱ्यांना हे माहीत होतं. मलाही ऐकून माहीत होतं. स्वतःच्या लॉगमध्ये पाहणं वेगळं.

त्याहून टोचली ती दुसरी गोष्ट. यावलच्या मशीनवर मी ग्रेलिस्टिंग लावलं होतं. इव्हान हॅरिस यांनी 2003 मध्ये मांडलेली ही युक्ती फार साधी आहे: अनोळखी सर्व्हरनं पहिल्यांदा मेल आणला की घ्यायचा नाही, ‘थोड्या वेळानं या’ म्हणून परत लावायचं. खरा मेल सर्व्हर थोड्या वेळानं पुन्हा येतोच. स्पॅमचं सॉफ्टवेअर सहसा येत नाही. म्हणजे रोज, प्रत्येक अनोळखी माणसाचं पहिलं पत्र मी स्वतःच्या हातानं परत लावत होतो आणि ते पुन्हा येईल यावर निर्धास्त होतो. आणि तोच मी, सर्व्हर अर्धा तास बंद पडला तर पत्र हरवेल या भीतीनं भुसावळला दुसरं मशीन जागवत बसलो होतो. एकाच डोक्यात या दोन गोष्टी इतकी वर्षं शेजारी-शेजारी कशा नांदल्या, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. वर आणखी गंमत अशी, की दहानं ‘नंतर या’ म्हटलेला सर्व्हर पुढच्याच क्षणी वीसकडे जाई आणि तिथे त्याला कुणी अडवत नसे. माझं राखीव मशीन माझ्या पहारेकऱ्यालाच बगल देत होतं.

इथे नियम काय म्हणतो ते पाहायला हवं. मेलचा सध्याचा मूळ नियम, आरएफसी 5321, 2008 चा आहे. पण यातलं बरंचसं 1989 पासून तसंच चालत आलं आहे. पुढचं मशीन सापडलं नाही तर पाठवणाऱ्यानं मेल आपल्या रांगेत ठेवायचा, निदान अर्धा तास थांबून पुन्हा प्रयत्न करायचा आणि निदान चार-पाच दिवस हार मानायची नाही. पोस्टफिक्सची मूळ ठेवण पाच दिवसांचीच आहे. म्हणजे जो राखीव सर्व्हर मी भुसावळला पोसत होतो, तो प्रत्येक पाठवणाऱ्याकडे आधीच होता, त्याच्या खर्चानं, त्याच्या देखरेखीखाली.

शेजाऱ्याकडे टपाल ठेवायला सांगितलं तर काय होतं, तसंच हे आहे. पोस्टमन ‘घर बंद’ शेरा मारून उद्या पुन्हा आला असता. शेजारी मात्र सगळंच घेतो: तुमचं, तुमच्याकडे कधीच न राहिलेल्या माणसाचं, भलत्याच गावचं. पोस्टमनच्या वहीत ‘पोचलं’ अशी नोंद होते आणि त्यापुढची जबाबदारी शेजाऱ्याची.

ही जबाबदारी नुसती बोलायची नाही. ज्या क्षणी सर्व्हर ‘घेतलं’ असं उत्तर देतो, त्या क्षणी नियमानं मेल त्याच्या अंगावर पडतो. पुढे तो पोचवता आला नाही तर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं कामही त्याचंच. आता वर सांगितलेले ते ‘सेल्स’ आणि ‘अ‍ॅडमिन’चे मेल पाहा. भुसावळनं घेतले, यावलला दिले, यावलनं ‘असा कुणी नाही’ म्हणून नाकारले. मग भुसावळनं प्रामाणिकपणे प्रेषकाला कळवलं. पण प्रेषक बनावट! कळवलं गेलं ते ज्याचा पत्ता चोरला होता त्या निरपराध माणसाला. अशा उलट-टपालामुळे भुसावळचा आयपी काळ्या यादीत गेला आणि मित्राच्या दुकानाचे स्वतःचे मेलही लोकांच्या स्पॅममध्ये पडायला लागले. त्यानं एका शब्दानंही बोलून दाखवलं नाही.

यावर उपाय नाही असं नाही. मी केले. पत्त्यांची यादी भुसावळलाही ठेवली, म्हणजे नसलेल्या माणसाचा मेल दारातच नाकारता येईल. ती यादी रोज रात्री आपोआप जाईल अशी स्क्रिप्ट लिहिली. एकदा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्ट गुपचूप बंद पडली. त्याच आठवड्यात पॅकहाऊसमध्ये नवीन अकाउंटंट आला. त्याचा पत्ता यावलच्या यादीत चढला, भुसावळच्या नाही. मग जोडणी दोन मिनिटं अडखळली, नेमका तेवढ्यात एक मेल दहाऐवजी वीसकडे गेला, आणि वीसनं त्याला ठणकावून सांगितलं की असा माणूस आमच्याकडे नाही. ‘नंतर या’ हे उत्तर वेगळं आणि ‘नाहीच’ हे वेगळं. ‘नाहीच’ ऐकल्यावर पाठवणारा पुन्हा येत नाही. राखीव सर्व्हर नसता तर तोच मेल अर्ध्या तासानं सुखरूप पोचला असता.

एसपीएफचंही असंच. हा मेल अमुक आयपीवरूनच यायला हवा, असं पाठवणाऱ्याचं डोमेन जाहीर करतं. पण वीसमार्गे आलेला मेल दहाला भुसावळच्या आयपीवरून येताना दिसतो आणि तपासणीत खोटा ठरतो. मग भुसावळला सूट द्यायची, आणि सूट दिली की त्या वाटेनं येणारा स्पॅमही सुटतो. प्रत्येक उपायाला आणखी एक उपाय लागत होता. तरी मी करत राहिलो, कारण तांत्रिक अडचण सोडवण्यात आमच्यासारख्यांना एक चटक असते.

मत खऱ्या अर्थानं फिरलं ते केळीमुळे.

जूनच्या सुरुवातीला वारं आलं. यावल-फैजपूर रस्त्याकडेचे खांब पडले आणि आमचं मशीन दीड दिवस बंद राहिलं. भुसावळचं चालू होतं. पॅकहाऊसचा कंटेनर न्हावाशेव्याला जायचा होता. केळी एकदा कापली की मागे फिरता येत नाही. घड उतरवायचे, फण्या सोडवायच्या, धुवायच्या, तेरा-तेरा किलोच्या खोक्यांत भरायच्या आणि साधारण तेरा-चौदा अंशांवर नेऊन ठेवायच्या. घड्याळ सुरू झालेलं असतं. आखातातल्या खरेदीदारानं मेल केला होता की जहाज लांबलं आहे, कापणी दोन दिवस पुढे ढकला. मेल भुसावळनं घेतला. खरेदीदाराच्या सर्व्हरला ‘घेतलं’ असं उत्तर मिळालं, त्याच्या बाजूला तो पोचलेला दिसला, आणि तो निवांत झाला. इकडे मेल भुसावळच्या रांगेत, यावल जागं होण्याची वाट पाहत. पॅकहाऊसनं ठरल्याप्रमाणे कापणी केली.

मॅनेजरांचा फोन आला तेव्हा ते चिडलेले नव्हते, गोंधळलेले होते. “भाऊ, तो म्हणतो मेल गेला. त्याच्याकडं तसं दिसून राह्यलं. मग आपल्याकडं आला नही कसा?”

याचं तांत्रिक उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देताना मलाच ते ऐकवेना. भुसावळच्या रांगेतला मेल कुणालाही वाचता येत नव्हता. राखीव सर्व्हर असूनही पॅकहाऊसला तो मेल एक मिनिटही लवकर मिळणार नव्हता. यावलचं मशीन उठेल तेव्हाच मिळणार होता, म्हणजे पाठवणाऱ्याच्या रांगेत राहिला असता तरी मिळाला असता तेव्हाच. फरक एवढाच पडला की पाठवणाऱ्याला आपलं पत्र अडकलंय हे कळायची वाट मी बंद करून टाकली. त्याच्याच रांगेत राहिलं असतं तर ‘अजून पोचलेलं नाही’ अशी सूचना त्याला काही तासांत आली असती. सगळेच सर्व्हर अशी सूचना देतात असं नाही, पण मोठे देतात. ती पाहून त्यानं फोन उचलला असता, व्हॉट्सअ‍ॅप केलं असतं. आम्ही मात्र त्याच्या हातात पावती ठेवून गप्प बसलो होतो. उशीर सोसता येतो. पोचलं म्हणून सांगायचं आणि पोचवायचं नाही, हे धंद्यात सोसत नाही.

यावर विरोधी बाजूचा एक मुद्दा खरा आहे आणि तो झटकून टाकणार नाही. नियमात चार-पाच दिवस लिहिले असले तरी मोठ्या सेवा आता तेवढं थांबत नाहीत. जीमेलच्या उशिराच्या सूचनेत अजून किती तास प्रयत्न करणार ते लिहिलेलं असतं. हिशेब साधारण दोन दिवसांचा निघतो. मायक्रोसॉफ्टची सेवा एका दिवसात हात टेकते. म्हणजे दीड दिवस बंद राहणारं यावलचं मशीन आजच्या जगात खरोखरच काही मेल गमावू शकतं. पण याचं उत्तर राखीव मशीन हे नाही. जिथे मशीन दीड-दीड दिवस बंद राहू शकतं तिथे ते ठेवू नये, हे उत्तर आहे.

मला हेच सर्वांत जड गेलं. ‘माझा मेल सर्व्हर यावलला आहे’ हे वाक्य मला फार आवडत असे. पुण्या-मुंबईचे लोक ऐकून क्षणभर थांबत. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांत बसून आपण जगाचा मेल थेट दारात घेतो, यात एक मिजास होती आणि ती मी पुरेपूर उपभोगली. वीस नंबरची ओळ मुळात त्या मिजाशीचा खर्च होता: दहा नंबर यावलला ठेवायचा हट्ट होता म्हणून वीस लागत होता. एकदा दहा नंबर मुंबईच्या डेटासेंटरमधल्या भाड्याच्या मशीनवर नेला आणि वीसची कारणंच संपली. मशीन अजून माझ्याच ताब्यात आहे, पोस्टफिक्सही मीच चालवतो. वीज, एसी आणि वारं एवढं सोडून दिलं.

काही जण गूगलचं उदाहरण देतात. गूगलच्या गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं पाच-पाच एमएक्स ओळी लिहाव्या लागत, मग तुम्हीच एक कशी म्हणता? पण त्या पाचही ओळी एकाच कारखान्याची दारं होती. पाचव्या दारानं आलेला मेलही त्याच पहाऱ्यातून त्याच मेलबॉक्सात पडत होता. कुणाच्या दुकानात प्रिंटरशेजारी वाट पाहत बसत नव्हता. आणि 2023 पासून गूगल वर्कस्पेसनं नव्या गिऱ्हाइकांना एकच ओळ लिहायला सांगायला सुरुवात केली आहे. दोन्ही मशीनवर तीच यादी, तेच नियम, तोच साठा असेल आणि दोन्हींकडे सारखंच लक्ष देणारी माणसं असतील तर दोन ठेवा, चार ठेवा. मोठ्या बँका, विद्यापीठं ठेवतातच. तो राखीव सर्व्हर नसतो, दुसरा सर्व्हर असतो.

भुसावळचा वेळ आणि पैसा आता दुसरीकडे जातो. मेलबॉक्सांची रोजची प्रत वेगळ्या ठिकाणी जाते आणि अधूनमधून ती खरंच उघडते का हे पाहतो. डिस्क गेली तर वीस नंबरनं काहीच वाचवलं नसतं, ही प्रत वाचवते. डीएनएस दोन वेगळ्या ठिकाणी आहे. डोमेनचं नूतनीकरण अनेक वर्षांचं एकदम करून टाकलं, कारण सर्व्हर बंद असला तर लोक पुन्हा येतात, डोमेनच संपलं तर पत्र तडक परत जातं. बाहेरून एक छोटा पहारेकरी दर काही मिनिटांनी दार वाजवून पाहतो आणि उत्तर आलं नाही तर माझ्या फोनवर संदेश टाकतो. मग मी पॅकहाऊसला फोन करतो की मेल बंद आहे, खरेदीदारांना फोनवर धरा. एवढ्या एका फोनची किंमत माझ्या सगळ्या जुन्या स्क्रिप्टांहून जास्त आहे.

ज्यांच्या डोमेनवर अजून वीस नंबरची ओळ आहे, आणि त्यांतल्या काहींना ती मीच लिहून दिली आहे, त्यांनी एवढं करावं. त्या मशीनचा गेल्या महिन्याचा लॉग उघडा आणि त्यातले खरे मेल मोजा. मग ओळ काढा, जुनी नोंद सगळीकडून पुसली जाईपर्यंत दोन-चार दिवस मशीन चालू ठेवा, रांग रिकामी होऊ द्या आणि मग बंद करा. भुसावळचं मेलचं पोर्ट मी कुतूहल म्हणून नंतर बरेच महिने नुसतं ऐकत ठेवलं होतं. ओळ निघून गेल्यावरही स्पॅमवाले जुन्या पत्त्यावर येऊन दार ठोठावत राहिले. खऱ्या माणसाचा मेल एकही आला नाही.